ल्युत्सेनचा चामडी अंगरखा

बंदुकीची गोळी अडवावयाची तर चिलखताचा पत्रा इतका जाड लागे कीं, त्याच्या भारानें मनुष्य दमून जाई. म्हणून सतराव्या शतकांत युरोपांतील पुष्कळ स्वार चामडी अंगरखा पसंत करूं लागले. माशांच्या तेलानें कमावलेलें तें जाड, पिवळसर कातडें तलवारीचा ओझरता वार सोशी. गोळीपुढें मात्र त्याचा इलाज चालत नसे.

स्वीडनचा प्रॉटेस्टंट राजा गुस्ताव्ह अडोल्फ याच्या खांद्यांत १६२७ सालीं लागलेली गोळी तशीच राहिली होती. त्याला लोखंड सोसवेना. एल्क हरणाच्या कातड्याचा अंगरखा घालून तो १६३२ च्या नोव्हेंबरांत ल्युत्सेनच्या रणांत उतरला व तेथेंच पडला. आमच्या पक्षाचा सेनापति पापेनहाइम हाहि त्याच लढाईंत घायाळ होऊन मेला. (‘आमच्या पक्षाचा’ असें आम्ही सवयीनें लिहून गेलों, त्या तीस वर्षांच्या युद्धांत दोन्हीकडे ख्रिस्ताचेंच नांव घेऊन माणसें मारलीं गेलीं.) अंगरखा रणांतली लूट म्हणून व्हिएन्नास, सम्राट् दुसरा फर्डिनंड याजकडे गेला. पहिल्या महायुद्धानंतर स्वीडनच्या रेडक्रॉसनें ऑस्ट्रियाच्या उपाशी लोकांस साह्य केलें. त्या उपकाराची आठवण ठेवून १९२० सालीं ऑस्ट्रियानें तो परत केला. आज तो स्टॉकहोमच्या राजशस्त्रागारांत आहे. गोळ्यांचीं भोकें त्यावर अजून दिसतात.