लंगोटाची गाठ

नऊवारी लुगडं नेसून नेसून विरलं, की त्याचे काठ उसवून बाजूला ठेवायचे आणि मधलं मऊ कापड येणाऱ्या बाळासाठी राखायचं, ही वर्धा जिल्ह्यातल्या घराघरांतली जुनी रीत. हा कापसाचा मुलूख. हिंगणघाटच्या ‘बनी’ कापसाचं नाव एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या बाजारात पोचलं होतं. तरीही बाळाच्या अंगाला कोरं कापड लावायचं नाही, यावर आज्या ठाम असत. कोऱ्या कापडात खळ असते, ते कातडीला घासतं आणि ओलही नीट शोषत नाही. वर्षानुवर्षं धुतलेलं लुगडं किंवा धोतर मात्र लगेच भिजतं, लगेच वाळतं. त्यातूनच दुपटी, बाळोती आणि तिकोनी लंगोट निघायचे.

या तिकोनी लंगोटाचा विचार फार शहाणपणाचा आहे. दोन टोकांना नाड्या. त्या पोटावर बांधायच्या आणि तिसरं टोक पायांमधून वर घेऊन गाठीखाली खोचायचं. कुठे धातू नाही, टोक नाही. पाय गुडघ्यांत वाकलेले, बाजूंना मोकळे राहतात, आणि खुब्याचा सांधा नीट बसायला हीच ठेवण चांगली. दोन्ही पाय ताणून सरळ आवळून बांधले तर तो सांधा निखळण्याचा धोका असतो, असं अस्थितज्ज्ञ आज सांगतात. गाठीतही धोके होतेच. नाडी आवळली की पोटावर वळ उठायचा. त्याहून वाईट म्हणजे जुन्या कापडाचा सुटलेला धागा. तो पायाच्या बोटाभोवती गुंडाळला गेला तर बोट सुजतं, रक्त थांबतं, आणि बाळ का रडतंय हे कुणाला कळत नाही. कडा दुमडून शिवण्याची मेहनत म्हणूनच महत्त्वाची. आजही लंगोट बदलताना बोटं उलगडून पाहण्याची सवय लावून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.

टोक आलं ते अमेरिकेतून. न्यू यॉर्कच्या वॉल्टर हंट या कारागिराने 10 एप्रिल 1849 रोजी सेफ्टी पिनेचं पेटंट घेतलं. एका टोकाला तारेचा वेढा, म्हणजे स्प्रिंग, आणि दुसऱ्या टोकाला टोक झाकणारी टोपी. पंधरा डॉलरचं देणं फेडायचं म्हणून त्याने हा शोध चारशे डॉलरला विकून टाकला. तिकडे बाळाला नाडीचा लंगोट नव्हे, तर चौकोनी कापडाची घडी गुंडाळत. ती टाचायला साध्या टाचणीपेक्षा ही पिन कितीतरी बरी होती. आपल्याकडे सेफ्टी पिन आली ती पदरावर आणि बायांच्या बांगडीत जाऊन बसली. लंगोटाला तिची गरजच नव्हती.

पण पिन उघडी राहिली तर? फिलाडेल्फियाचे डॉक्टर शेवेलियर जॅक्सन यांनी आयुष्यभरात रुग्णांच्या घशातून आणि श्वासनलिकेतून दोन हजारांहून अधिक वस्तू काढल्या आणि जपून ठेवल्या. त्या संग्रहात सेफ्टी पिना पुष्कळ आहेत. उघडी पिन घशातच मिटवून मग बाहेर काढायची, यासाठी त्यांनी खास पद्धती बसवल्या होत्या. लंगोट बदलताना आईने क्षणभर बाजूला ठेवलेली पिन बाळाच्या मुठीत जाते आणि मुठीतून तोंडात. पुढे लंगोटाच्या पिनांना सरकणारं प्लॅस्टिकचं कुलूप आलं, ते या भीतीपोटीच.

दुसऱ्या महायुद्धानंतर मॅरियन डोनोव्हन या अमेरिकी आईने न्हाणीघराच्या पडद्याचं कापड कापून लंगोटावरचं जलरोधक आवरण शिवलं आणि त्याला पिनेऐवजी दाबायची बटणं लावली. 1951 मध्ये तिला पेटंट मिळालं. 1961 मध्ये बाजारात आलेल्या पॅम्पर्सलाही सुरुवातीला पिनाच लावाव्या लागत; चिकटपट्टी सत्तरच्या दशकात आली. टोकाची कथा तिथे जवळपास संपते.

उंचीची, म्हणजे बाळ खाली पडण्याच्या भीतीची, कथा मात्र तेव्हा आपल्याकडे सुरू होत होती. जुन्या घरात बाळाचं सगळं जमिनीवर चालायचं. आजी पाय पसरून बसायची आणि बाळ तिच्या पायांवर असायचं. तेल लावणं, न्हाऊ घालणं, लंगोट बांधणं तिथेच. बाळंतिणीची बाजही बुटकी, आणि विणलेल्या दोरीचा झोळ मध्ये येत असल्याने बाळ काठाकडे न जाता आतच राहायचं. बाळंतिणीच्या खोलीतला खरा धोका होता बाजेखालच्या शेगडीचा. पावसाळ्यात बाळोती वाळेनात म्हणून शेगडीवर टोपली उपडी घालून ती वाळवत. त्या धुराने बाळाच्या छातीला त्रास होतो, निखाऱ्याची भीती ती वेगळीच.

वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला 1945 मध्ये डॉ. सुशीला नय्यर यांच्या देखरेखीखाली स्त्रिया आणि मुलांसाठी 15 खाटांचं कस्तुरबा रुग्णालय उभं राहिलं. 1969 मध्ये त्याला जोडून वैद्यकीय महाविद्यालय आलं. आता जिल्ह्यात बाळंतपणं बहुतेक दवाखान्यातच होतात, आणि त्याने किती जीव वाचले याला मोल नाही. पण लोखंडी खाट कमरेएवढी उंच असते. घरी आल्यावर दिवाण किंवा डबल बेड. तीन-चार महिन्यांनी बाळ पालथं पडू लागतं. त्याआधीही पाय झाडत ते काठापर्यंत सरकतं.

ओलीचा धडा मात्र वर्ध्याच्या मातीत वाढलेल्या माणसाने दिला. सेवाग्रामच्या नई तालीम शाळेत शिकलेले डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या 39 गावांत आरोग्यदूतांकरवी घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत बसवली. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले, हे 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. बाळ कोरडं आणि उबदार ठेवणं हा त्या कामाचा एक भाग होता. ओल्या कापडात निजलेलं बाळ थंडीत झपाट्याने गार पडतं. 2011 पासून हेच काम देशभर आशाताई, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविका, करतात. आर्वीला असो की समुद्रपूरला, आशाताई दारात आली की नाळ पाहते, लंगोट नाळेच्या खाली दुमडायला सांगते, मुलीला पुढून मागे पुसायला सांगते.

मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीवर गेला की प्लॅस्टिकच्या लंगोटात बाळ उबून निघतं. तेव्हा दुपारी त्याला उघडंच ठेवणारी आजी बरोबर असते. पावडरचा डबा तेवढा दूर ठेवायला तिला सांगावं, कारण ती पूड श्वासावाटे छातीत जाते. आणि बदलायची वेळ झाली की आधी कोरडा लंगोट, कोमट पाणी आणि कापूस हाताशी मांडावा, मग जमिनीवर सतरंजी घालून बाळ निजवावं. उंचावरच बदलायची वेळ आली तर एक हात बाळाच्या पोटावरच ठेवावा. मध्येच दाराची घंटा वाजली, तर बाळाला उचलून घ्यावं आणि त्याच्यासकट दार उघडावं.