मरण्याआधी एकच प्रश्न

आगरदांड्याच्या धक्क्यावर आम्ही दिघीला जाणाऱ्या बोटीची वाट पाहत होतो. बरोबरच्या शिक्षकमित्राने विचारले, "मरण्याआधी एकाच प्रश्नाचे उत्तर मिळणार असेल, तर कोणता प्रश्न विचाराल?" समोर राजपुरीची खाडी होती. तिच्या आतल्या अंगाला कुड्याची बौद्ध लेणी आहेत. अशा लेण्यांतील दानलेखांवरून प्राचीन व्यापाराचा माग काढणारे दामोदर धर्मानंद कोसंबी आम्हांला आठवले. इतिहासकार म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. पण ते मुळात गणिती होते, आणि असाच एक प्रश्न त्यांनी उराशी बाळगला होता.

प्रश्न मूळ संख्यांचा आहे. १ ते १०० मध्ये २५ मूळ संख्या आहेत, पुढच्या शंभरात २१, त्यापुढच्या शंभरात १६ आणि चौथ्या शंभरातही १६. त्या विरळ होत जातात, पण ठरावीक पावलांनी नव्हे. तरीही त्यांच्या एकूण संख्येचा अंदाज करता येतो. १ लाखापर्यंत ९५९२ मूळ संख्या आहेत; गौसच्या पद्धतीने येणारा अंदाज ९६३०. चूक अवघी ३८!

ही चूक किती वाढू शकते? जर्मन गणिती रीमान याने १८५९ मध्ये मांडलेले गृहीतक खरे असेल, तर ती ढोबळमानाने त्या संख्येच्या वर्गमुळाच्या मापातच राहते. १९०० साली पॅरिसमध्ये हिल्बर्टने नव्या शतकासाठी जे प्रश्न मांडले, त्यांत हा होता. हजार वर्षांच्या झोपेतून जागा झालो तर पहिल्यांदा याचेच उत्तर विचारीन, असे तो म्हणे, अशी आख्यायिका आहे.

कोसंबींचा जन्म १९०७ चा, गोव्यातील कोसबेनचा. हार्वर्डमधून पदवी घेऊन ते भारतात परतले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि नंतर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी काम केले. गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर काढण्याचे त्यांचे १९४० च्या दशकातील सूत्र आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. प्राचीन नाण्यांची वजने करून त्यांनी संख्याशास्त्राला इतिहासाच्या कामाला लावले.

तेच हत्यार त्यांनी मूळ संख्यांवर चालवले. योग्य रीतीने आखलेल्या अंतरांत मूळ संख्या जणू यदृच्छेने पडल्यासारख्या सापडतात, या विचारावर त्यांनी रीमानच्या गृहीतकाची सिद्धता उभारली आणि १९५९ मध्ये ती प्रसिद्ध केली. गणितज्ञांनी ती मान्य केली नाही. कारण समजण्याजोगे आहे. नाणे उडवले की छापा किंवा काटा पडतो, ते दैवाधीन. ९७ ही मूळ संख्या आहे, यात दैवाचा भाग नाही. 'बहुधा असे घडते' यावरून 'असेच घडते' हे सिद्ध होत नाही. कोसंबींची गणिती म्हणून प्रतिष्ठा या प्रकरणात पणाला लागली आणि तिला धक्का बसला. १९६२ मध्ये टाटा संस्थेतील त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही. तरी मूळ संख्या त्यांनी सोडल्या नाहीत. 'एस. ड्युक्रे' या टोपणनावाने ते त्यांवर लिहीत राहिले. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. प्रश्न तसाच राहिला.

आज संगणकांनी हे गृहीतक १० लाख कोटींहून अधिक ठिकाणी तपासले आहे, आणि ते कुठेही चुकलेले नाही. मग आणखी काय हवे? वरच्या उदाहरणात अंदाज प्रत्यक्षाहून जास्त आहे. आजवर जिथवर मोजणी झाली, तिथे मोठ्या संख्यांसाठी असेच आढळले. तरीही लिटलवुडने १९१४ मध्येच सिद्ध केले की पुढे कुठे तरी हे उलटते, आणि असंख्य वेळा उलटते. लाखो उदाहरणे जुळली तरी ती सिद्धता नव्हे, हे वर्गात सांगायला याहून चांगला दाखला आम्हांला ठाऊक नाही.

बोट धक्क्याला लागली तेव्हा आम्ही मित्राला म्हटले, "रीमानचे विचारू. पण खरे की खोटे, एवढे सांगून भागणार नाही." गृहीतक खरे आहे असे बहुतेक गणितज्ञांना वाटते, कोसंबींनाही वाटत होते. त्यांच्याकडे 'हो' होते, 'का' नव्हते. आम्हांला ते 'का' हवे. आपल्या विद्यार्थ्यानेही बरोबर उत्तरावर समाधान न मानता तेच मागावे.