घरची भट्टी आणि मोहाचें फूल

आमच्या महाविद्यालयांतून शिकून गेलेला एक विद्यार्थी अमेरिकेंतील ऑरेगन राज्यांत स्थायिक झाला आहे. गेल्या दिवाळींत तो अमरावतीस आला, तेव्हां गप्पांच्या ओघांत त्यानें आपल्या परसांतील एका वेलाचें मोठें कौतुक सांगितलें. हा वेल हॉप्सचा. वसंतांत तो दोरीवर चढवावयाचा, पावसाळा सरतां सरतां, आपल्या भाद्रपदाच्या सुमारास, त्याचीं फिकट हिरवीं बोंडें खुडून वाळवावयाचीं, आणि मोड आलेल्या जवाच्या काढ्यांत तीं उकळून घरींच बियर तयार करावयाची, असा त्याचा वार्षिक क्रम आहे. निघतांना त्यानें विचारलें, “सर, अमरावतीस हा वेल लागेल काय?”

मीं सांगितलें कीं, लागणार नाहीं. या वेलास थंडीची खरी झोंप हवी असते, आणि फुलण्यासाठीं उन्हाळ्याचा मोठा दिवस हवा असतो. आपला मोठ्यांत मोठा दिवस साडेतेरा तासांच्या आंतच संपतो, आणि मे महिन्यांतील ऊन तर येथील कडुनिंबासही नकोसें होतें. विद्यार्थी हंसून गेला. परंतु त्याचा प्रश्न माझ्यापाशींच राहिला. आपल्या वऱ्हाडांत परसांतील फुलापासून घरीं मद्य करण्याची चाल नव्हती काय? होती, आणि ती फार जुनी होती. तिचें काय झालें, हें पाहिलें म्हणजे गेल्या दीडशें वर्षांचा एक दुर्लक्षित इतिहास आपल्यापुढें उभा राहतो.

प्रथम युरोपची गोष्ट थोडक्यांत पाहूं. जवाच्या दाण्यांत पिष्ट असतें, साखर नसते. म्हणून तो भिजवून मोड आणावे लागतात, तेव्हां कोठें पिष्टाची साखर होते व ती आंबते. हॉप्सच्या बोंडांतील कडू राळेनें पेयास चव येते व तें नासत नाहीं. बव्हेरियाच्या राजसत्तेनें १५१६ सालीं बियरमध्यें जव, हॉप्स व पाणी यांवांचून दुसरें कांहीं घालूं नये असा निर्बंध केला. इंग्लंडांत घरोघरीं बियर होत असे. पुढें राज्याला कराची चटक लागली, आणि १८८० च्या कायद्यानें घरीं बियर करणाऱ्यास परवाना घेणें भाग पडलें. ही अट १९६३ सालीं उठली. अमेरिकेंतही संघराज्याच्या कायद्यानें १९७८ सालीं घरगुती बियरला मोकळीक दिली. एका प्रौढ माणसास वर्षाला शंभर गॅलन आणि एका कुटुंबास फार तर दोनशें, अशी मर्यादा ठेवली व विक्रीस मनाई केली. म्हणजे तेथील गृहस्थाचा हक्क गेला, आणि तो त्यास परतही मिळाला. माझ्या विद्यार्थ्याचा वेल या परत मिळालेल्या हक्काचा वेल आहे.

आतां आपल्याकडे वळूं. आपलें हॉप्स आणि आपला जव हीं दोन्ही एकाच झाडावर आहेत, आणि तें झाड म्हणजे मोह. संस्कृतांत यास मधूक म्हणतात. विदर्भराजाची बहीण इंदुमती हिच्या स्वयंवराचें वर्णन कालिदासानें ‘रघुवंशां’त केलें आहे. तेथें तिच्या हातांतील माळ दूर्वा व मधूकपुष्पें यांची आहे. आपल्या प्रांताच्या राजकन्येनें वरासाठीं हातीं घेतलेलें फूल पुढें अबकारी खात्याच्या दप्तरांत मुद्देमाल म्हणून नोंदलें जावें, हा काळाचा मोठा विलक्षण खेळ म्हटला पाहिजे.

मोहाचें फूल चैत्राच्या सुमारास पहाटे गळतें. झाडाखालची जमीन आधीं झाडून ठेवतात, आणि उजाडतां उजाडतां बायका व मुलें टोपल्या घेऊन तीं पिंवळसर, मांसल फुलें वेंचतात. हीं फुलें भाजून खातात, वाळवून साठवितात, गुरांनाही घालतात. फळांतील बियांचें तेल निघतें. दुष्काळांत तर हें झाड म्हणजे कोठारच. वऱ्हाडास होरपळून काढणाऱ्या १८९९-१९०० च्या दुष्काळासारख्या प्रसंगीं डोंगराळ भागांतील माणसांनीं अशाच फुलांवर व कंदमुळांवर दिवस काढले आहेत. वाळलेल्या फुलांत निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. म्हणून येथें जवासारखे मोड आणण्याची खटपट नाहीं. फुलें मडक्यांत भिजत घातलीं कीं थोड्याच दिवसांत तीं आंबूं लागतात. मग मडकें चुलीवर चढवावयाचें, त्यावर दुसरें भांडें बसवून तें थंड पाण्यानें गार ठेवावयाचें, आणि निवळलेली वाफ पोकळ बांबूच्या नळींतून उतरवून घ्यावयाची. एवढाच काय तो कारखाना. मेळघाटांतील कोरकू या मद्यास सिडू म्हणतात. लग्नांत, मर्तिकांत व देवाच्या नैवेद्यांत त्याचें स्थान ठरलेलें आहे.

शास्त्रकारांना ही चाल ठाऊक होती. मनूनें सुरेचे गौडी, पैष्टी व माध्वी असे तीन प्रकार सांगून द्विजांस ती वर्ज्य ठरविली. कौटिल्याची दृष्टि निराळी. त्यानें सुराध्यक्ष नांवाचा अधिकारी नेमून मद्याचा सारा व्यापार राज्याच्या हातीं दिला. परंतु त्याच प्रकरणांत त्यानें गृहस्थांना एक फट ठेवली आहे. घरच्या कार्यप्रसंगीं कुटुंबियांनीं श्वेतसुरा करावी, औषधासाठीं अरिष्ट करावें, आणि उत्सव, मेळे व यात्रा यांत चार दिवसांची मोकळीक असावी, असें तो सांगतो. राज्याची तिजोरी भरण्यांत कौटिल्याइतका कठोर ग्रंथकार दुसरा सांपडणें कठीण. पण घरचें मडकें आणि बाजारांतील दुकान यांतील भेद त्यालाही मान्य होता.

हा भेद पुसला गेला तो इंग्रजी अमलांत. १८५३ च्या तहानें निजामानें आपल्या कंटिंजंट फौजेच्या खर्चासाठीं वऱ्हाड कंपनीच्या हवालीं केलें, आणि १९०३ सालीं हा प्रांत मध्यप्रांतास जोडण्यांत आला. या अवधींत अबकारीची जी घडी बसली तिच्या पायऱ्या हिंदुस्थानभर थोड्याफार फरकानें सारख्याच होत्या. आधीं ठिकठिकाणच्या भट्ट्यांचा मक्ता लिलांवानें द्यावयाचा. मग त्या भट्ट्या मोठ्या गांवीं एका आवारांत आणून गॅलनमागें कर बसवावयाचा. आणि शेवटीं एकाच मक्तेदाराच्या कारखान्यांतून सगळीकडे माल पुरवावयाचा. मुंबई इलाख्यानें तर १८७८ च्या अबकारी कायद्यावर न थांबतां १८९२ सालीं ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांसाठीं खुद्द मोहाच्या फुलांचा स्वतंत्र कायदा केला. दारू तर राहोच, फूल बाळगणें हीच सरकारच्या नियमनाची बाब झाली.

याचा परिणाम काय झाला? घरचें मद्य ऋतूशीं व सणाशीं बांधलेलें होतें. फुलें सरलीं कीं तें सरे, आणि वांटून घेतल्यावांचून त्यास शोभा नसे. दुकान मात्र बाराही महिने उघडें. तेथें उधारी चाले, आणि उधारीच्या पाठोपाठ कर्ज येई. सरकार एका हातानें भट्टी फोडी व दुसऱ्या हातानें दुकानाचा लिलांव पुकारी. लोकांचें मद्यपान कमी करण्याचा हा उपाय होता असें कोणी म्हणेल, तर त्यानें त्या काळच्या उत्पन्नाचे आंकडे पाहावेत.

परंतु इतिहासलेखकानें येथें थांबून जुन्या मडक्याचे गोडवे गाऊं नयेत. ज्या अमरावती जिल्ह्यांत मी हें लिहितों त्याच जिल्ह्यांत शेंडगांवीं १८७६ सालीं गाडगे महाराजांचा जन्म झाला. त्यांचे वडील झिंगराजी दारूच्या व्यसनानें गेले, आणि आईला लहान मुलासह माहेरचा आसरा शोधावा लागला. मोठेपणीं आपल्या मुलीच्या बारशास त्यांनीं जातीच्या रिवाजाप्रमाणें दारू व मटण न देतां बुंदीचे लाडू वाढले, असें सांगतात. रिवाज मोडण्याचें तें धैर्य दु:खांतून आलेलें होतें. पुण्यास १९०८ सालीं टिळकांच्या प्रेरणेनें दारूच्या दुकानांवर निरोधन झालें, तें सरकारच्या धंद्याविरुद्ध होतें. गाडगे महाराजांचा झाडू मात्र घराच्या आंतून फिरला.

१९३० सालच्या लढ्यांत ही गुंतागुंत अधिकच स्पष्ट दिसते. जुलैमध्यें लोकनायक अण्यांनीं पुसदला गवत कापून जंगलचा कायदा मोडला. रानांतील गवतावर रानाजवळच्या माणसाचा हक्क आहे, हें त्यामागचें तत्त्व. त्याच चळवळींतील दुसरे स्वयंसेवक दारूच्या दुकानांपुढें उभे होते. गवत लोकांचें, हें खरें. दारू वाईट, हेंही खरें. पण मोहाचें झाड गवताच्या बाजूचें कीं दारूच्या बाजूचें, हा प्रश्न तेव्हां कोणी विचारला नाहीं.

मलाही तो सुचला नव्हता. सुमारें वीस वर्षांपूर्वीं विद्यार्थ्यांचें श्रमदान शिबिर घेऊन मी मेळघाटांतील एका खेड्यांत गेलों होतों. संध्याकाळीं मीं दारूबंदीवर व्याख्यान दिलें. तें संपल्यावर एक म्हातारी उठून म्हणाली, “फूल माह्या झाडाचं, मडकं माह्या घरचं, मंग चोरी कोनाची झाली, गुरुजी?” मी उत्तर जुळवीत होतों, तोंच तिच्या मागें बसलेली तिची सून खालच्या आवाजांत म्हणाली, “पन मार तं मलेच खा लागते.” सभा एकदम शांत झाली. सासू मागें वळून सुनेकडे पाहत राहिली. त्या दोन वाक्यांपुढें माझें तासाभराचें व्याख्यान अगदीं फिकें पडलें, आणि आजही त्यांतील एकही वाक्य मला खोटें ठरवितां येत नाहीं.

स्वातंत्र्योत्तर कायद्यांनीं या दोघींना काय दिलें? १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानें मोहाचें फूलही आपल्या नियमनाखालीं घेतलें, आणि वऱ्हाड मुंबई राज्यांत आल्यानंतर तोच कायदा येथें आला. लोकांच्या चळवळीनंतर गडचिरोलीस १९९३ सालीं दारूबंदी झाली. चंद्रपुरास ती २०१५ सालीं आली व २०२१ सालीं उठली. त्याच २०२१ सालीं महाराष्ट्र सरकारनें मोहफुलें गोळा करणें व साठविणें यांवरील निर्बंध सैल केले, आणि सातपुड्यापलीकडील मध्यप्रदेशानें मोहाच्या मद्यास वारशाचें मद्य म्हणून मान देण्याचें जाहीर केलें. मेळघाटच्या सीमेपलीकडेही कोरकूच राहतात. एकाच भाषेच्या व एकाच देवांच्या माणसांचें एकच मडकें डोंगराच्या एका उतारावर वारसा आणि दुसऱ्या उतारावर गुन्हा ठरतें!

मी स्वत: मद्यास कधीं शिवलों नाहीं, आणि या लेखानें कोणाच्या हातीं पेला द्यावा अशी माझी इच्छा नाहीं. माझें म्हणणें एवढेंच कीं, प्रश्न पिण्याचा असला तरी निवाडा कोणी करावयाचा, हा त्याहून मोठा प्रश्न आहे. १९९६ च्या पेसा कायद्यानें अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभेस दोन अधिकार एकत्र दिले आहेत: गौण वनोपजाची मालकी, आणि मादक पदार्थांची विक्री व सेवन यांवर नियंत्रण. धारणी व चिखलदरा हे तालुके या क्षेत्रांत येतात. फुलाची मालकी सांगणारी सासू आणि माराची गोष्ट सांगणारी सून ह्या दोघी ज्या सभेंत शेजारीं बसूं शकतील, ती सभा हीच. त्या सभेंत सुनेचा आवाज खालचा राहूं नये, इतकें झालें तरी पुष्कळ झालें.

विद्यार्थ्यास मीं मागाहून पत्र लिहिलें. हॉप्सचा वेल येथें लागणार नाहीं, परंतु पुढच्या वेळीं चैत्रांत ये, पहाटे चिखलदऱ्याच्या वाटेवर मोह गळतांना दाखवितों, असें त्यांत लिहिलें आहे. त्याचा होकार आला आहे.