३३ पानांचं पत्र

१९३८ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावातून बाल्टिमोरच्या एका डॉक्टरांना पत्र गेलं. टंकलिखित, ३३ पानांचं. लिहिणारे बीमन ट्रिपलेट, व्यवसायाने वकील. विषय होता त्यांचा मुलगा डोनाल्ड. आणि डॉक्टर होते जॉन्स हॉपकिन्सचे बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर. स्वमग्नतेचा (ऑटिझमचा) इतिहास कॅनर यांच्या १९४३ च्या निबंधापासून सांगायची पद्धत आहे. मी तो या पत्रापासून सांगते. सांगलीत विशेष शिक्षिका म्हणून काम करताना मी प्रत्येक आईला पहिल्याच भेटीत मुलाबद्दल जे दिसतं ते टिपायला एक वही घालायला लावते, म्हणून या पत्रात माझा जीव अडकलेला आहे.

वडिलांनी काय लिहिलं होतं? मुलगा एकटा असला की खूश असतो. घरात कोण आलं, कोण गेलं, त्याला सोयरसुतक नसतं. गोल वस्तू हाती लागली की जमिनीवर गरगर फिरवत बसतो आणि कुणी मध्ये आलं की आकांत मांडतो. बायबलमधलं २३वं स्तोत्र त्याला अगदी लहानपणी तोंडपाठ झालं होतं, पण साध्या प्रश्नाला तो उत्तर देत नव्हता. कॅनर यांच्याकडे येण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला वर्षभर घरापासून दूर एका संस्थेत ठेवलं होतं. आईवडिलांनी त्याला तिथून परत आणलं आणि मग बाल्टिमोर गाठलं.

माझ्याकडच्या एका वहीत कवठेमहांकाळकडच्या एका आईने लिहिलं होतं : ‘डब्याचं झाकण फिरवतो. स्टीलचंच लागतं, प्लास्टिकचं दिलं की फेकतो. झाकण थांबत आलं की कान फरशीला लावतो.’ कोणत्याही तपासणीच्या तक्त्यात मला हे मिळालं नसतं. त्या मुलाला झाकणाच्या गोलाईपेक्षा आवाजाचं वेड होतं, हे या तीन वाक्यांवरून कळलं आणि आमचं काम घुंगरांपासून सुरू झालं.

कॅनर यांनी आपल्या निबंधात ११ मुलांची हकिकत मांडली : आठ मुलगे, तीन मुली. पहिलाच डोनाल्ड, आणि त्याच्या वर्णनाचा मोठा भाग वडिलांच्या पत्रातून आलेला. अशा मुलांची नोंद मॉस्कोच्या ग्रून्या सुखारेवा यांनी १९२५ मध्येच केली होती. व्हिएन्नाच्या हान्स आस्पर्गर यांचा निबंध १९४४ चा. पण जगभर पोचलं ते कॅनर यांचं लेखन. ही मुलं जन्मतःच अशी असतात, असं त्यांनी नोंदवलं. मात्र त्याच निबंधात, या पालकांमध्ये मायेची ऊब कमी दिसते, असंही लिहून ठेवलं. १९४९ पर्यंत हा सूर इतका चढला की, ही मुलं जणू फ्रिजमध्ये वाढली, असं त्यांनी म्हटलं.

ज्यांच्या टिपणांवर हे ज्ञान उभं राहिलं, त्यांनाच आरोपी केलं गेलं. मला हे फार लागतं. शिकागोच्या ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकात तर आईचा नकार हेच मूळ ठरवलं. मुलाला बरं करायचं म्हणजे आईपासून तोडायचं, अशी उपचाराची रीत पडली. किती बायकांनी उरलेलं आयुष्य स्वतःला दोष देण्यात घालवलं असेल!

हा आरोप मोडून काढण्यात पालक पुढे होते. अमेरिकी नौदलातले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांचा मुलगा मार्क स्वमग्न. आपली बायको मुलावर किती जीव टाकते ते घरात रोज दिसत होतं, मग तेव्हाच्या पुस्तकांतलं खरं कसं मानायचं? त्यांनी मिळेल तो अभ्यास चाळला आणि १९६४ मध्ये, हे मेंदूच्या जडणघडणीशी निगडित आहे, असं पुस्तक लिहून मांडलं. त्याला प्रस्तावना दिली खुद्द कॅनर यांनी. पुढे १९६९ मध्ये पालकांच्या सभेत कॅनर यांनी, मी तुम्हाला दोषमुक्त करतो, असं जाहीर सांगितलं. १९७७ मध्ये सुझन फोल्स्टीन आणि मायकल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या, तेव्हा आनुवंशिकतेचा पुरावाही हाती आला. लंडनच्या लोर्ना विंग याही मानसोपचारतज्ज्ञ आणि स्वमग्न मुलीची आई. आज आपण स्वमग्नतेचा ‘स्पेक्ट्रम’, म्हणजे कमी-अधिक छटांचा पट, म्हणतो त्या कल्पनेमागे त्यांचंच काम आहे.

आणि डोनाल्ड? काही वर्षं तो एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. तो मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजायचा. त्यांनी मोजणं बंद केलं नाही, हाती नांगर दिला आणि नांगरताना मोज म्हणून सांगितलं. कॅनर भेटीला गेले तेव्हा तो घोडा आणि नांगर झकास हाकत होता. विशेष शिक्षणावर मी पुष्कळ वाचलंय, पण या जोडप्याइतकं नेमकं कुणी शिकवल्याचं मला आठवत नाही. डोनाल्डने पुढे बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला, जगभर फिरला आणि २०२३ मध्ये ८९व्या वर्षी गेला.

आपल्याकडेही वाट पालकांनीच काढली. दिल्लीत १९९१ मध्ये मेरी बरुआ या आईने ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ सुरू केली. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नता नव्हतीच. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली आणि २०१६ च्या कायद्यातल्या २१ अपंगत्वांमध्ये तिला स्वतंत्र जागा मिळाली.

कायदा बदलला, पण बैठकीच्या खोलीतला खटला चालूच आहे. ‘तू नोकरीला जातेस म्हणून’, ‘मोबाइल दिलास म्हणून’, ‘डोहाळ्यांत रडत होतीस म्हणून’, हे मी आजही ऐकते. दीड वर्षाचं मूल हाक मारल्यावर वळून बघत नसेल, बोटाने काही दाखवत नसेल, तर ‘मुलगे उशिरा बोलतात’ म्हणत थांबू नका, बालरोगतज्ज्ञांकडून विकासाची तपासणी करून घ्या. जाताना आईने लिहिलेलं सोबत न्या. आणि डॉक्टरसाहेब, तुमच्यासमोर ती वही आली, तर औषधाची चिठ्ठी लिहिण्याआधी ती वाचा.