इसारापासून ताब्यापर्यंत

वाशी, नेरुळ किंवा खारघर येथील एखाद्या गृहनिर्माण संस्थेतील सदनिकेचा सौदा ठरला, विकणाऱ्याने आकडा मान्य केला, चहापाणी होऊन टोकनाची रक्कम हातावर पडली आणि दलालाने दोन्ही पक्षांचे अभिनंदन केले, म्हणजे घर झाले असे घेणाऱ्याच्या मंडळींस वाटू लागते. परंतु त्या क्षणापासून किल्ली प्रत्यक्ष हाती येईपर्यंत जो साठ वा नव्वद दिवसांचा, आणि प्रसंगी त्याहून पुष्कळ दीर्घ, असा काळ जातो, त्याचा हिशेब लावताना सामान्य माणूस बहुधा कारकुनांच्या आळसावर बोट ठेवून मोकळा होतो. आळसाचा वाटा मुळीच नाही असे नव्हे. पण या विलंबाचा इतिहास पाहू गेल्यास असे दिसते की, हे दिवस घेणाऱ्याचेही नसतात आणि देणाऱ्याचेही नसतात. सौद्यात ज्यांनी एक पैसाही घातलेला नाही, परंतु ज्यांना हरकत घेण्याचा अधिकार आहे, अशा तिऱ्हाइतांचे ते असतात. हे तिऱ्हाईत कोण, हे मात्र काळागणिक बदलत आले.

मराठेशाहीतील मिरासी, म्हणजे वंशपरंपरागत हक्काच्या, जमिनीचे हस्तांतर पाहावे. मिरासदार आपली जमीन विकू शके, पण गोताला डावलून नव्हे. भाऊबंद, पाटील, कुलकर्णी, शेजारचे मिरासदार आणि बलुतेदार यांच्या समक्ष व्यवहार व्हावा, चतुःसीमा उच्चारल्या जाव्यात, साक्षी पडाव्यात आणि मग मिरासपत्र लिहून द्यावे, अशी रीत होती. पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी उमटली म्हणजे त्या कागदाला वजन येई. वाद उपस्थित झालाच तर गोतसभा बसून महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, होई. या सर्वास दिवस लागत, पण ते कशासाठी लागतात हे गावातील पोरासही ठाऊक असे, कारण हरकतदार डोळ्यांसमोर चावडीत बसलेला असे आणि त्याची समजूत घालण्याचा मार्गही सर्वांस परिचित होता.

इंग्रजी अमलाने चावडीतील ही साक्ष कागदावर आणली. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने विक्रीचा करार आणि विक्री यांत स्पष्ट भेद केला : करारामुळे मालमत्तेत कोणताही हक्क आपोआप निर्माण होत नाही, तो खरेदीखतानेच होतो, असे चोपन्नावे कलम सांगते. 1908 च्या नोंदणी कायद्याने दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत दुय्यम निबंधकापुढे हजर करण्याची मुदत घातली, आणि अपरिहार्य कारणाने ती चुकल्यास दंड भरून आणखी चार महिन्यांची सवलत ठेवली. म्हणजे सरकारने लोकांस घाई करा असे न सांगता, किती रेंगाळावे याची सीमा तेवढी आखून दिली. इंग्लंडातील रीत याहूनही सैल आहे. तेथे देकार स्वीकारला तरी कराराच्या प्रतींची अदलाबदल होईपर्यंत दोन्ही पक्ष मोकळेच असतात, आणि मधल्या काळात दुसऱ्याने अधिक रक्कम देऊ केली तर विकणारा खुशाल पाठ फिरवू शकतो. आपल्याकडे इसारपावती व साठेखत झाले की शब्द फिरवणाऱ्यास दिवाणी न्यायालयात खेचता येते. तिकडच्या ग्राहकास वाट पाहताना सौदा मोडेल ही धास्ती असते; इकडच्यास ती कमी असते, पण वाट मात्र चुकत नाही.

नवी मुंबईचे प्रकरण या साऱ्याहून वेगळे आहे, कारण या नगराचा पाया ज्या व्यवहारावर उभा आहे त्यात सौदा असा झालाच नाही. चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांनी 1965 साली ‘मार्ग’ नियतकालिकातून खाडीपलीकडच्या नगराची कल्पना मांडली. 17 मार्च 1970 रोजी ते नगर वसवण्यासाठी सिडको हे शासकीय महामंडळ स्थापन झाले. आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील 95 गावांच्या जमिनींवर 1894 च्या भूसंपादन कायद्याचा अंमल सुरू झाला. भातखाचरे, मिठागरे आणि खाडीकाठची खारजमीन कसणाऱ्या आगरी-कोळी कुळांना कोणी किंमत विचारली नाही, देकार दिला नाही. नोटीस निघाली आणि निवाडा झाला. ज्या भूमीवरील घराच्या विक्रीस आज इतक्या जणांची संमती लागते, ती भूमी पहिल्यांदा हस्तांतरित झाली तेव्हा तिच्या मालकाच्या संमतीची गरज कोणास भासली नव्हती, ही विसंगती या शहराचा इतिहास लिहिणाऱ्याने दृष्टिआड करू नये.

तिचे परिणाम दीर्घकाळ भोगावे लागले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली भूमिपुत्रांचा जो लढा उभा राहिला, त्यात 1984 च्या जानेवारीत जासई परिसरात गोळीबार होऊन पाच शेतकरी हुतात्मा झाले. आणि त्यानंतर कोठे 1990 साली संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली, जी 1994 साली पूर्वीच्या खातेदारांसही लागू झाली. ‘साडेबारा टक्के’ हा शब्दप्रयोग पनवेल-उरणकडे आज इतका रुळला आहे की त्याचा अर्थ पुसावा लागत नाही. परंतु ज्याची जमीन सत्तर साली कागदोपत्री गेली त्याला भूखंडाची हकदारी चोवीस वर्षांनी मिळाली, पुढे पात्रता, वारसांची नोंद, भावकीतील तंटे आणि सोडत यांत आणखी वर्षे गेली. आणि नव्वद दिवसांत ताबा मिळाला नाही म्हणून कुरकुरणारा ग्राहक अनेकदा अशाच एका भूखंडावर उभ्या राहिलेल्या इमारतीतील घर घेत असतो. त्याच्या हातातील कागदांच्या साखळीत पहिली कडी म्हणून त्या खातेदाराचा आणि सिडकोचा भाडेपट्ट्याचा करार, आणि दुसरी कडी म्हणून खातेदार, सिडको व विकासक यांचा त्रिपक्षीय करारनामा असतो. बँकेचा वकील तो करार उलटसुलट करून पाहतो, एखाद्या वारसाची सही राहिली आहे की काय हे शोधतो, आणि राहिली असल्यास सौदा तेथेच थबकतो.

येथे जमिनीच्या मालकीचे कोडे उलगडणे आवश्यक आहे. सिडकोने जमीन विकली नाही. साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली, आणि 1975 च्या जमीन विल्हेवाट विनियमांनी पट्टेदाराच्या हस्तांतरणावर आपली परवानगी व शुल्क यांचा लगाम ठेवला. इतरत्र खरेदीखत झाल्यावर तलाठी फेरफार धरतो, संबंधितांस नोटीस जाते, पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर नोंद प्रमाणित होते आणि सातबाऱ्यावर नाव चढते. सिडकोच्या भूमीवरील सदनिकाधारकाचे नाव सातबाऱ्यावर चढत नाही. तलाठ्याची जागा येथे बेलापूरच्या सिडको भवनातील वसाहत विभागाने घेतली, आणि गोतसभेचा मान गृहनिर्माण संस्थेच्या व्यवस्थापक समितीकडे आला. 1960 च्या सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेचे ना हरकत पत्र, थकबाकी नसल्याचा दाखला, हस्तांतरण अधिमूल्य (जे 2001 च्या शासननिर्णयाने महानगरपालिका क्षेत्रात कमाल 25,000 रुपयांवर आणून ठेवले), हे सर्व हाती आल्यावरच सिडकोकडे अर्ज करावयाचा, दोन्ही पक्षांनी ओळखपत्रांसह समक्ष हजर व्हावयाचे, शुल्क भरावयाचे आणि हस्तांतरणाच्या आदेशाची वाट पाहावयाची, असा क्रम रूढ झाला.

हा क्रम टाळण्याची एक पळवाट लोकांनी शोधून काढली नसती तरच नवल. मूळ वाटपधारकाने घेणाऱ्याच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून द्यावे, सोबत साठेखत आणि खबरदारी म्हणून मृत्युपत्रही लिहून द्यावे, पूर्ण रक्कम घेऊन किल्ली हवाली करावी, आणि सिडकोच्या दप्तरी नाव जुन्याचेच ठेवावे. यात हस्तांतरण शुल्क वाचे, वेळ वाचे, आणि सौदा आठवड्यात पुरा होई. त्या एका आठवड्याचे व्याज पुढल्या पिढीने भरले. तिसरा किंवा चौथा ग्राहक रीतसर खरेदीला निघाला की मूळ वाटपधारक शोधून काढावा लागे. तो सेवानिवृत्त होऊन गावी गेलेला, किंवा निवर्तलेला असे, आणि मुखत्यारपत्र देणाराच गेला म्हणजे मुखत्यारीही बहुधा त्याच्याबरोबर गेली. 2011 साली सूरज लॅम्प प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुखत्यारपत्र, साठेखत व मृत्युपत्र यांच्या जोरावर झालेल्या अशा विक्रीने मालकी जात नाही, असे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले, तेव्हा दिल्लीप्रमाणे येथेही अनेकांनी कपाटातील कागद पुन्हा काढून पाहिले असतील.

ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत हरकतदारांची संख्या कळसास पोहोचली होती. 1976 च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याची छाया होती, जो महाराष्ट्रात 2007 पर्यंत टिकला. 1986 पासून मुंबईसारख्या महानगरांत ठरावीक किमतीपुढच्या विक्रीची खबर आधी आयकर खात्यास देणे बंधनकारक झाले; किंमत कमी दाखवली आहे असे वाटल्यास केंद्र सरकार स्वतःच ती मालमत्ता विकत घेऊ शके, आणि त्या निर्णयासाठी महिने थांबावे लागे. वाशीतील लहान घरे त्या कक्षेत सहसा येत नसत. पण विशिष्ट रकमेवरील दस्त नोंदवण्यापूर्वी आयकर अधिकाऱ्याचा जो दाखला लागे, त्याचा काच मध्यमवर्गीयासही होता. तो 2001 साली गेला, सरकारी खरेदीचा अधिकार त्यानंतर वर्षभराने. दस्त नोंदला तरी तो लगेच परत मिळे असे नव्हे. मूळ दस्त छायाचित्रणासाठी पुण्यास रवाना होई, आणि तो परत येईपर्यंत घरमालकाच्या हाती केवळ पावती असे, जी तो विम्याच्या कागदांत जपून ठेवी. महिने तर लागतच, कधी वर्षेही लोटत. गृहकर्ज देणाऱ्यांचा पसारा 1977 साली एचडीएफसीच्या स्थापनेनंतर वाढत गेला होता खरा, पण तारण म्हणून मूळ कागद मागणाऱ्या संस्थेपुढे ती पावती ठेवताना कर्जदाराची काय अवस्था होत असेल, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

शतकाच्या वळणावर ‘सरिता’ ही संगणकीय नोंदणीपद्धती आली आणि निदान या एका ठिकाणी तरी काळ खरोखर आकसला. पक्षकारांचे छायाचित्र, अंगठ्याचा ठसा, पानांचे स्कॅनिंग, आणि त्याच दिवशी मूळ दस्त हातात. ज्या कामास पुण्याची वारी लागत असे ते दुपारच्या जेवणापूर्वी उरकू लागले. तरीही एकूण प्रतीक्षा त्या प्रमाणात घटली नाही, कारण एक हरकतदार वेगवान झाला म्हणून बाकीचे होत नाहीत, शिवाय त्यांच्या पंक्तीत नवे येऊन बसतात. विकणाऱ्याचेच कर्ज शिल्लक असेल तर आधी त्याच्या बँकेचे येणे रकमेचे पत्र, मग घेणाऱ्याच्या बँकेचा धनादेश, मग जुन्या बँकेकडून कागदांची सुटका. 2013 पासून पन्नास लाखांच्या वरच्या घरावर एक टक्का कर कापून भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याच्याच शिरी. अशा पुनर्विक्रीच्या फायलीतील सर्वांत बोलका कागद म्हणजे संस्थेचे शेअर सर्टिफिकेट. पुढल्या बाजूस मूळ सभासदाचे नाव सुबक टंकलेले असते. पाठीमागच्या रकान्यांत मात्र प्रत्येक हस्तांतरणाची तारीख, नव्या सभासदाचे नाव, अध्यक्ष-सचिवांच्या वेगवेगळ्या शाईतील सह्या आणि संस्थेचा फिकट होत गेलेला गोल शिक्का अशी एकाखाली एक नोंद होत जाते, आणि मिरासपत्रावरील साक्षींची ज्यास आठवण आहे त्याला ती पाठ परकी वाटत नाही.

या सगळ्यांखेरीज एक हरकतदार असा आहे की ज्याचे कार्यालय कोठेच नाही. भाद्रपदाचा कृष्णपक्ष लागला की कागद तयार असूनही मराठी कुटुंब दस्त नोंदवावयास कचरते. दसरा, पाडवा किंवा अक्षय्य तृतीया जवळ आली की हेच कुटुंब बँकेस दूरध्वनीवर दूरध्वनी करते. पंचांगाशी स्पर्धा करील असे एकच बळ मी पाहिले, ते मुद्रांकशुल्कातील सवलतीचे. 2020 च्या सप्टेंबरपासून शासनाने शुल्कात तात्पुरती कपात केली, तेव्हा त्या वर्षीचा पितृपक्ष पुष्कळांना फारसा आडवा आला नाही. आणि डिसेंबरअखेर शुल्क भरून ठेवा, दस्त चार महिन्यांत नोंदवा, अशी मुभा मिळाली, ती 1908 च्या कायद्यातील त्या जुन्या मुदतीच्याच आधाराने.

आता एक नवा प्रश्न या फायलीत शिरला आहे. सत्तरच्या दशकाच्या मध्यास दिलेले साठ वर्षांचे पट्टे 2035 च्या सुमारास संपतात. पट्टा वाढवून देण्याचे आणि रहिवाशांस मालकी बहाल करण्याचे विचार शासनाने वेळोवेळी जाहीर केले असले, तरी वाशीतील जुन्या इमारतीत घर घेणारा वीस वर्षांच्या मुदतीचे कर्ज मागावयास गेला की बँकेचा वकील किंमत, क्षेत्रफळ आणि मजला या गोष्टी बाजूस ठेवून पट्ट्याच्या पहिल्या पानावरची तारीख विचारतो. ते पान बहुधा संस्थेच्या सचिवाकडे असते, आणि सचिव गावी गेलेला असतो.