गर्दच्या विळख्यातील मन : बदलाची तयारी कशी घडते?

'त्यालाच सोडायचे नाही, मग आपण काय करणार?' गर्द, म्हणजेच ब्राऊन शुगरच्या विळख्यात सापडलेल्या तरुणाच्या घरी हे वाक्य हमखास ऐकू येते. त्यामागील समजूत अशी, की व्यसन सोडण्याची इच्छा एक तर असते किंवा नसते. आणि नसेल तर उपचार व्यर्थ. मानसशास्त्रातील अभ्यास मात्र निराळे सांगतात. ही तयारी म्हणजे स्वभावातील गुण नव्हे. ती दिवसागणिक कमी-जास्त होणारी मनःस्थिती आहे आणि ती घडण्या-बिघडण्यात भोवतालच्या माणसांचा मोठा वाटा असतो.

या विचाराची पायाभरणी अमेरिकेतील जेम्स प्रोचास्का व कार्लो डिक्लेमेंटी यांनी केली. स्वतःहून धूम्रपान सोडू पाहणाऱ्या ८७२ जणांचा त्यांचा अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. समस्या आहे हेच न पटणे, पटूनही निर्णय न होणे, पूर्वतयारी, प्रत्यक्ष कृती आणि ती टिकवणे, असे टप्पे त्यातून पुढे रूढ झाले. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात ही मांडणी आजही शिकवली जाते. मात्र ती जिन्याच्या पायऱ्यांसारखी समजणे चुकीचे ठरेल. ब्रिटनमधील रॉबर्ट वेस्ट यांनी २००५ मध्ये तिच्यावर कठोर टीका केली. धूम्रपान सोडण्याचे सुमारे निम्मे प्रयत्न कोणत्याही पूर्वनियोजनाविना, एकाएकी होतात, असे त्यांच्या पुढील वर्षीच्या पाहणीत दिसले.

खरा पेच दुसऱ्या टप्प्यावर असतो. व्यसनी व्यक्तीला दुष्परिणाम ठाऊक नसतात असे नाही. नोकरी गेली, पत्नी माहेरी गेली, हे तिला इतरांपेक्षा अधिक ठाऊक असते. परंतु त्याच पदार्थाने दुःख बधिर होते, झोप लागते आणि मित्रांचे वर्तुळही त्याच्याभोवतीच उभे असते. 'सोडायचे आहे' आणि 'सोडवत नाही' ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असतात. घरच्यांना ते ढोंग वाटते. वस्तुतः ही द्विधा मनःस्थितीच बदलाची सुरुवात असते.

तयारीचे दोन घटक वेगळे करून पाहावे लागतात : सोडणे महत्त्वाचे वाटते का, आणि जमेल असे वाटते का. दुसऱ्याकडे सहसा दुर्लक्ष होते. अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेली स्वक्षमतेची संकल्पना येथे उपयोगी पडते. चार वेळा प्रयत्न फसलेल्या माणसाचा पाचव्या वेळी 'मला सोडायचेच नाही' हा पवित्रा अनेकदा पराभव झाकण्यासाठी असतो. गर्द बंद होताच होणारी अंगदुखी, उलट्या, जुलाब व तळमळ, ज्याला व्यसनींच्या भाषेत 'टर्की' म्हणतात, तिची धास्ती आत्मविश्वास आणखी खच्ची करते. शिवाय नैराश्य असेल, तर भविष्याचे चित्रच रंगवता येत नाही. दूरच्या लाभापेक्षा समोरचा दिलासा मोठा वाटणे हा कल हेरॉइनच्या व्यसनींमध्ये इतरांहून तीव्र असल्याचे प्रयोगांतून आढळले आहे. 'पाच वर्षांनी तुझे काय होईल?' हा वडिलांचा प्रश्न म्हणूनच निष्प्रभ ठरतो.

मग बोलावे कसे? विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये 'प्रेरणादायी मुलाखत' ही पद्धत मांडली. यात समुपदेशक युक्तिवाद करीत नाही. बदलाची कारणे रुग्णाच्याच तोंडून येतील असे प्रश्न विचारतो. मिलर व सहकाऱ्यांच्या १९९३ मधील अभ्यासात समुपदेशक जितका अधिक दरडावत होता, तितके रुग्णाचे मद्यपान वर्षभरानंतर अधिक आढळले. मद्यपींच्याच १३० नातेवाइकांवरील १९९९ च्या अभ्यासात, संयमी संवादाचे व नशेत नसतानाच्या वागण्याला दाद देण्याचे प्रशिक्षण मिळालेल्या गटातील ६४ टक्क्यांना आपल्या माणसाला उपचारांपर्यंत आणता आले. सर्वांनी घेरून जाब विचारण्याच्या पद्धतीत हे प्रमाण ३० टक्के होते. आपल्याकडे मात्र हीच पद्धत अद्याप सर्वाधिक प्रचलित असावी.

पुन्हा व्यसनाकडे वळणे, म्हणजे 'स्लिप', हाही याच प्रक्रियेचा भाग. एकदा चूक झाली की 'आता सगळेच संपले' असे मानून माणूस पूर्ण कोसळतो, हे अ‍ॅलन मार्लट यांनी दाखवून दिले. गर्दच्या बाबतीत हा क्षण प्राणघातक ठरू शकतो. काही आठवडे बंद ठेवल्यावर शरीराची सहनशक्ती घटलेली असते आणि जुनीच मात्रा जीव घेऊ शकते. अशा वेळी घरातून हाकलण्यापेक्षा त्वरित उपचार महत्त्वाचे. ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधे टर्की व तलफ आटोक्यात ठेवतात, त्यामुळे मन पूर्ण तयार होण्याची वाट पाहावी लागत नाही.

महाराष्ट्रात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या 'मुक्तांगण'ने व्यसनीकडे गुन्हेगार म्हणून न पाहता रुग्ण म्हणून पाहण्याची दृष्टी रुजवली. कायद्यातही त्याला जागा आहे. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम '६४ अ' नुसार सेवनाच्या वा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातील व्यसनीने स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेतल्यास त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते. केंद्र सरकारच्या १४४४६ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर रुग्णाप्रमाणेच कुटुंबीयांनाही सल्ला घेता येतो.