जादा 'वाय'ची गोष्ट: उंची, हार्मोन आणि चुकीच्या जागी घेतलेलं सॅम्पल

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी सिनॉप्सिसचा जो पहिला मसुदा गाईडसमोर ठेवला, त्यात कोल्हापूरच्या तालमींतले साठ पैलवान होते. उंची-वजन घ्यायचं, लाळेतलं टेस्टोस्टेरॉन मोजायचं, रागाची प्रश्नावली भरून घ्यायची आणि तिन्हींचा संबंध काढायचा. मॅडमनी पानं चाळली आणि एकच विचारलं, "तालमीत न जाणारे साठ जण कुठे आहेत?" मी गप्प. मसुदा परत देत त्या म्हणाल्या, "आधी एक्सवायवायचा इतिहास वाच, मग बोलू."

आज तोच इतिहास. पेट पास झालेल्या आणि विषय शोधत बसलेल्या मित्रमैत्रिणींसाठी खास.

कोंबडा, बैल आणि माणूस

खच्ची केलेला बैल आणि वळू यांतला फरक आपल्याकडच्या शेतकऱ्याला कुणी शिकवावा लागत नाही. १८४९ मध्ये जर्मनीतल्या गटिंगेन इथे आर्नोल्ड बेर्टहोल्ड यांनी तोच फरक कोंबड्यांवर तपासला. वृषण काढले की तुरा वाढत नाही, बांग थांबते, भांडणं थांबतात. तेच वृषण पोटात दुसरीकडे बसवले, तर सगळं परत येतं. मूळच्या नसा तुटलेल्या, तरी परिणाम होतो. म्हणजे रक्तातून काहीतरी जातंय. ते 'काहीतरी' म्हणजे टेस्टोस्टेरॉन, हे कळायला १९३५ उजाडलं. अॅमस्टरडॅममध्ये एर्न्स्ट लाकर यांच्या गटाने बैलांच्या वृषणांतून ते वेगळं केलं.

कोंबड्यावरून माणसावर उडी मारायचा मोह मात्र कुणालाच आवरला नाही. शरीरावरून गुन्हेगार ओळखता येतो, हा दावा इटलीच्या लोंब्रोझोने १८७६ मध्येच केला होता. १९४९ मध्ये अमेरिकेत विल्यम शेल्डनने बॉस्टनच्या एका सुधारगृहातल्या २०० मुलांची शरीरं मोजली आणि पिळदार बांध्याची मुलं गुन्ह्याकडे जास्त वळतात असं मांडलं. दोघांचीही सुरुवात कुठून झाली ते बघा: आधीच पकडलेल्या माणसांपासून.

कार्स्टेअर्सचे नऊ जण

आता मुख्य गोष्ट. पुरुषाच्या पेशीत साधारणपणे एक एक्स आणि एक वाय गुणसूत्र असतं. जन्मणाऱ्या दर हजार मुलग्यांमागे साधारण एकात एक वाय जादा असतो. असा पहिला माणूस १९६१ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहरात नोंदला गेला. ४४ वर्षांचा, सहा फूट उंच, सर्वसाधारण बुद्धीचा गृहस्थ. त्याच्या एका मुलीला डाउन सिंड्रोम होता, म्हणून त्याची तपासणी झाली आणि जादा वाय योगायोगाने सापडला. त्यातून कसलाही गाजावाजा झाला नाही.

गाजावाजा झाला १९६५ मध्ये. स्कॉटलंडमध्ये कार्स्टेअर्स इथे कडक बंदोबस्ताचं एक रुग्णालय होतं. हिंसक किंवा धोकादायक ठरवलेले, मानसिक दुर्बलता असलेले पुरुष तिथे ठेवले जात. एडिनबर्गच्या पॅट्रिशिया जेकब्स आणि सहकाऱ्यांनी तिथल्या पुरुषांची गुणसूत्रं तपासली. सर्वेक्षण पूर्ण झालं तेव्हा ३१५ जणांत ९ एक्सवायवाय निघाले. हजारात एक कुठे आणि शंभरात जवळपास तीन कुठे! शिवाय हे नऊ जण इतरांपेक्षा बरेच उंच होते. 'नेचर'मधल्या पहिल्या लेखाच्या शीर्षकातच 'आक्रमक वर्तन' हे शब्द होते. झालं. जादा वाय म्हणजे जादा पुरुषीपणा, जादा उंची, जादा हार्मोन आणि म्हणून जादा हिंसा, अशी साखळी लोकांनी आपोआप जोडून टाकली.

यातली एकच कडी खरोखर मोजलेली होती: उंची. त्या नऊ जणांचं टेस्टोस्टेरॉन त्या लेखात नव्हतं, आणि ते इतर रुग्णांपेक्षा जास्त हिंसक आहेत असंही कुणी दाखवलं नव्हतं. १९६७ मध्ये प्राइस आणि व्हॉटमोर यांनी याच रुग्णालयातल्या या माणसांचे गुन्हे तपासले, तेव्हा उलटंच दिसलं. माणसांवरच्या हल्ल्यांचं प्रमाण त्यांच्यात इतर रुग्णांपेक्षा कमी होतं. बहुतेक गुन्हे चोरीचपाटीचे.

पण तोवर गाडी पुढे गेली होती. १९६६ मध्ये शिकागोत रिचर्ड स्पेकने आठ विद्यार्थिनी परिचारिकांचा खून केला. १९६८ मध्ये तो एक्सवायवाय असल्याची बातमी पसरली. ती चुकीची होती. त्याची गुणसूत्रं साधी एक्सवाय निघाली. तरीही पुढे कितीतरी वर्षं तो या विषयाचं उदाहरण म्हणून फिरत राहिला. १९९२ च्या 'एलियन ३' या सिनेमात तर जादा वाय असलेल्या कैद्यांचा अख्खा ग्रहच आहे!

याची किंमत कोणी मोजली?

बॉस्टनमध्ये १९६८ पासून नवजात मुलग्यांची गुणसूत्रं तपासायला सुरुवात झाली. एक्सवायवाय बाळांचा पुढे माग ठेवायचा, असा बेत. हार्वर्डमधल्याच जॉन बेकविथ आणि इतरांनी प्रश्न केला, की आईबापांना काय सांगणार? कल्पना करा, दोन वर्षांच्या पोराने खेळणं आपटलं. शेजारणीचं पोर असेल तर हट्टी. आपलं असेल आणि हा रिपोर्ट हातात असेल, तर आईच्या पोटात गोळा येणार. त्या नजरेखाली वाढलेलं मूल पुढे बिघडलं, तर दोष गुणसूत्राचा की नजरेचा, हे ठरवणार कसं? म्हणजे अभ्यास नैतिकदृष्ट्या अडचणीत होताच, आणि पद्धत म्हणूनही. १९७५ मध्ये ही तपासणी बंद झाली.

कोपनहेगन: योग्य जागी विचारलेला प्रश्न

हरमन विटकिन आणि सहकाऱ्यांचा १९७६ चा 'सायन्स'मधला लेख संशोधनाला लागणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असं माझं मत आहे. ते तुरुंगात गेले नाहीत. १९४४ ते १९४७ दरम्यान कोपनहेगनमध्ये जन्मलेल्या पुरुषांच्या नोंदी घेतल्या. तीस हजारांवर लोकांची गुणसूत्रं तपासणं अशक्य, आणि एक्सवायवाय बहुधा उंच असतात. म्हणून १८४ सेंटिमीटर आणि त्याहून उंच पुरुष निवडले. ४,१३९ जणांची तपासणी झाली. एक्सवायवाय निघाले फक्त १२.

त्या बारांपैकी पाच जणांना कधी ना कधी शिक्षा झालेली होती, म्हणजे ४१.७ टक्के. तेवढ्याच उंच, साध्या एक्सवाय पुरुषांत हे प्रमाण ९.३ टक्के. फरक आहे, तो नाकारायचा नाही. पण हे गुन्हे प्रामुख्याने हिंसेचे नव्हते. बुद्धिमापन आणि शिक्षण हिशोबात घेतल्यावर फरकाचा काही भाग कमी झाला, सगळा नाही. उंचीचं काय? एक्सवाय पुरुषांमध्ये शिक्षा झालेले लोक न झालेल्यांपेक्षा किंचित बुटके निघाले! 'दांडगा गडी म्हणजे भांडखोर' या समजाला याहून सरळ उत्तर नको.

मग हार्मोनचं काय?

१९९६ मध्ये अमेरिकेत शलेंदर भसीन यांच्या गटाने ४३ निरोगी पुरुषांवर प्रयोग केला. काहींना दहा आठवडे दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिलं, काहींना नुसतं औषधासारखं दिसणारं इंजेक्शन. दोन्हींत निम्मे व्यायाम करणारे, निम्मे न करणारे. टेस्टोस्टेरॉन मिळालेल्यांचे स्नायू व्यायामाशिवायही वाढले. राग, चिडचिड यांच्या मोजमापात मात्र फरक पडला नाही. २००० मध्ये पोप आणि सहकाऱ्यांनी तशाच मोठ्या मात्रेचा प्रयोग केला. त्यात ८४ टक्के लोकांवर मानसिक परिणाम नगण्य होता, पण दोघांवर ठळक दिसला. म्हणजे सरसकट 'नाही' म्हणणंही चूक. २०२० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा टेस्टोस्टेरॉन आणि आक्रमकता यांचा सहसंबंध निघाला ०.०५ च्या आसपास. त्याचा वर्ग करा: माणसामाणसांतल्या फरकाचा अर्धा टक्कासुद्धा त्यातून समजत नाही.

कोंबड्यात आणि बैलात दिसणारं खोटं नाही. पण हार्मोन अजिबात नसणं आणि असणं हा एक प्रश्न. सगळ्यांकडे असताना कुणाकडे थोडं जास्त, कुणाकडे थोडं कमी, हा वेगळाच प्रश्न. आपण पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवत आलो.

सिनॉप्सिस लिहिताना

हे सगळं वाचून मी मॅडमकडे परत गेलो तेव्हा माझ्या वहीत तीन ओळी होत्या. माझं सॅम्पल कुठल्या दारातून आत आलं? दोन गोष्टींमधली कडी मी मोजली आहे की गृहीत धरली आहे? आणि माझ्या शीर्षकातला एखादा शब्द पुरावा नसताना कुणाच्या कपाळावर शिक्का मारतोय का?

बफेलोच्या त्या गृहस्थापासून अभ्यास सुरू झाला असता, तर जादा वाय म्हणजे 'उंच, साधा, संसारी माणूस' असं आपण शिकलो असतो. तेही एका माणसावरून काढलेलं, म्हणून तितकंच चुकीचं. फक्त त्याने कुणाचं नुकसान झालं नसतं.

माझ्या नव्या मसुद्यात तालमीबाहेरचे साठ जण आहेत. शीर्षकातून 'आक्रमकता' हा शब्द काढलाय. आरआरसीची तारीख पुढच्या महिन्यात आहे.